एजंटसाहेब, आदिलाबादेत आपलं स्वागत असो!

मु. पो. आदिलाबाद, तेलंगणा

प्रति,
श्री. एजंटसाहेब,
किडनी मिळवून देणार,
पत्ता : सध्या फरार

स. न. वि. वि.

साहेब, तुम्हाला पत्र पाठवायचं तर पत्ता नाही आणि दुकानावर पाटीही नाही. सरकारी कचेरीचं नेमकं उलटं असतं, तिथे पाटी हातभर आणि खुर्ची रिकामी. म्हणून हे खुलं पत्र. पोलिसांनी वाचलं तरी हरकत नाही, पत्ता त्यांनाही हवाच आहे.

निमित्त म्हणाल तर आगाऊ आमंत्रण. तुमची कीर्ती आमच्या दोन्ही अंगांनी कानावर येते आहे. खाली हैदराबादला, जानेवारी २०२५ मध्ये, सरूरनगरच्या एका खासगी दवाखान्यावर धाड पडली. रुग्ण कर्नाटकचे, किडनी देणारे तमिळनाडूचे, कापाकापी तेलंगणात. राष्ट्रीय एकात्मतेवर आम्ही शाळेत नुसते निबंध लिहिले, तुम्ही ती करून दाखवलीत. रुग्णाकडून अर्ध्या कोटीच्या वर घेतले आणि देणाऱ्याच्या हातावर चार-पाच लाख टेकवले, असे आकडे तेव्हा बातम्यांत होते. मधल्या रकमेचा हिशेब कोणी विचारू नये, ते सेवाशुल्क. मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी सावकाराच्या व्याजापायी थेट कंबोडियाला जाऊन किडनी विकून आला. ज्या माणसाला तालुक्याच्या बँकेत बसा म्हणत नाहीत, त्याला तुमच्या जातभाईंनी विमानात बसवलं.

हैदराबाद आणि चंद्रपूर यांच्या मध्ये आम्ही. इतके जवळ आलाच आहात तर उतरा. कापूस आहे, कर्ज आहे, आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी चालते, तेव्हा गोड बोलायला दुभाषाही लागणार नाही. आमच्या माणसाला फॉर्म इंग्रजीत मिळतो आणि त्याच्यावरचा खुलासा तेलुगूत. आपुलकीने, मांडीला मांडी लावून, मराठीत समजावणारा तुमच्यासारखा माणूस विरळा.

इथे तुम्हाला स्पर्धा किती आहे तेही सांगून टाकतो. ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिवस. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. त्या आठवड्यात शपथ होते, रांगोळी होते, उन्हातान्हात पोरांची रॅली निघते आणि फ्लेक्स लागतात. फ्लेक्सचा मजकूर सगळा मरणानंतरचा. त्याची टिंगल करणार नाही. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून माणूस मेंदूमृत ठरवलेला असतो, यंत्रामुळे त्याची छाती अजून वरखाली होत असते, आणि तशात बायकोने किंवा बापाने ‘घ्या’ म्हणायचं असतं. तेलंगणातल्या कुटुंबांनी २०२३ साली ते २५२ वेळा म्हटलं. देशात सगळ्यांत जास्त. हैदराबादच्या निम्समधून चालणाऱ्या ‘जीवनदान’ योजनेला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच वर्षाचा देशभराचा ताळेबंद बघा, तुमचं मन प्रसन्न होईल. एकूण प्रत्यारोपणं १८,३७८. त्यांपैकी मृत दात्यांच्या अवयवांची २,९४२. बाकी १५,४३६ प्रत्यारोपणं चालत्याबोलत्या माणसांनी दिलेल्या किडनीवर नि यकृताच्या तुकड्यावर झाली. सहातली पाच! आणि फ्लेक्सवर या पाचांसाठी ओळ नाही. जिवंतपणी किडनी दिली तर शेतात कधी जायचं, ओझं कधी उचलायचं, दर वर्षी कोणती तपासणी करायची, ती कुठे होते, पैसे कोणी भरायचे, यातलं काही रॅलीतल्या पोरांना माहीत नसतं आणि रॅलीला झेंडी दाखवणाऱ्यांनाही. माहिती द्यायला शेवटी तुम्हीच येता. चहा पाजून देता. ‘एका किडनीवर माणूस आरामात जगतो’ हे तुमचं आवडतं वाक्य अर्धं खरंही आहे. निरोगी माणूस एका किडनीवर जगतो, फक्त त्याने रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन जन्मभर बघत राहायला हवं. हे उरलेलं अर्धं सांगायची वेळ येते तेव्हा तुमचा फोन बंद असतो.

तरी खरं सांगतो, जिवंत माणसाने अवयव दिला की त्याचं काय काय बुडतं, याचा विचार या देशात दोघांनीच केला. एक तुम्ही. दुसरा १९९४ चा कायदा लिहिणारा.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा तुमच्याच बंदोबस्तासाठी झाला. चेन्नईच्या विल्लिवाक्कमला लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणायला लागले होते, त्या काळातला. अवयवाचा मोबदला देणं-घेणं हा गुन्हा, असं त्याने ठरवलं. पण मोबदला कशाला म्हणायचं हे सांगताना, अगदी व्याख्यांच्या कलमातच, त्याने एक दार उघडं ठेवलं. अवयव देताना दात्याला झालेला खर्च आणि त्याची बुडालेली कमाई भरून दिली, तर तो मोबदला समजायचा नाही. पुन्हा वाचा साहेब, तुमच्या पोटावर पाय देणारी ओळ आहे. दात्याचा खाडा भरून देणं हा गुन्हा नाही. संसदेने हे लिहून दिलं त्याला तीस वर्षं उलटली.

दार उघडं राहिलं, आत कोणी आलं नाही. मग तुम्ही आलात.

आपल्या तेलंगणाची गंमत आणखी वेगळी. एकत्र आंध्राचा १९९५ चा जुना कायदा आपण चालवत राहिलो. केंद्राने २०११ साली कायदा सुधारला, शिक्षा जबर केल्या. ती सुधारणा हैदराबादच्या विधानसभेत पोचायला मार्च २०२५ उजाडला. दिल्लीहून बैलगाडी निघाली असती तरी आधी आली असती. सरूरनगरची धाड जानेवारीतली आणि ठराव मार्चमधला, म्हणजे कायदा जागा करायलाही तुमचाच हातभार लागला. आरोग्यमंत्र्यांनी भाषणात तुमचे आभार मानले नाहीत, ते मी इथे मानतो.

आता बेला मंडलातलं एखादं घर घ्या. कर्ता डायलिसिसवर. किडनी बसवायची तर सरकारी खर्चाची आरोग्यश्री योजना आहे, डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा पाच लाखांची दहा लाख झाली. रोग्याला पुढे जन्मभर लागणाऱ्या गोळ्यांचाही सरकार विचार करतं. वाईट नाही. पण उस्मानिया, गांधी, निम्स ही रुग्णालयं सगळी हैदराबादेत, म्हणजे इथून तीनशे किलोमीटर. देणाऱ्याच्या तपासण्या एका खेपेत उरकत नाहीत. रक्तगट जुळायचा, ऊतक जुळायचे, मग नात्याचे कागद, मग परवानगी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत. ऑपरेशन एकाचं नसतं, एकाच घरातले दोघं एकाच दिवशी खाटेवर पडतात आणि तिसरा सोबतीला बसतो. तीन माणसांचा खाडा. वेचणीची मजुरी किलोवर असते, कापूस हाताला लागला नाही तर पैसाही लागत नाही. आरोग्यश्रीच्या पॅकेजमध्ये टाक्याच्या दोऱ्यापासून सगळ्याचा हिशेब आहे, देणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीला रकाना नाही.

सरकारला हा खाडा कळत नाही असं मात्र समजू नका. चांगला कळतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हुकूम काढला की अवयव दिला तर ४२ दिवसांपर्यंत भरपगारी विशेष रजा. आधी ती ३० दिवस होती, शरीर सावरायला वेळ लागतो म्हणून वाढवली. शरीर म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीतलं शरीर. वेचणीवाल्या बाईचं पोट बहुधा दुसऱ्या दिवशीच सांधत असावं.

आपण दोघं हिशेबाची माणसं, तेव्हा आकडेमोड करू. रोजगार हमीचा तेलंगणातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३०७ रुपये. सरकारनेच ठरवलेले ४२ दिवस घ्या. झाले १२,८९४ रुपये. पैनगंगेच्या पलीकडे, पाटणबोरीच्या बाजूला, महाराष्ट्राचा दर ३१२, तिथे १३,१०४. एवढ्या पैशात आजकाल बरा मोबाईल येत नाही. आता २०२३ मधल्या देशभरच्या सगळ्या जिवंत दात्यांना आपल्या दराने हा खाडा भरून दिला असता तर? वीस कोटींच्या आतच. पुरत्या देशाचे. तुमच्या धंद्यात एका रुग्णामागे पन्नास लाख धरले तर चाळीस गिऱ्हाइकांची उलाढाल. एवढ्याशा रकमेत भारत सरकार तुमच्याशी टक्कर द्यायला उभं राहू शकलं असतं आणि राहिलं नाही, हा तुमच्यावरचा केवढा विश्वास!

बाहेरचे देश असले वेडे की विचारू नका. इस्रायलने २००८ च्या कायद्याने जिवंत दात्याला चाळीस दिवसांच्या बुडालेल्या कमाईची भरपाई ठरवून दिली. ब्रिटनमध्ये दात्याचा बुडालेला पगार सरकारी आरोग्यसेवा भरून देते. तुमच्या लोकांना तिथे उपाशी मरावं लागेल. लांब कशाला, शेजारच्या आंध्राने २०१९ साली ऑपरेशननंतर घरी पडून असलेल्या रोग्याला दिवसाला २२५ रुपये, महिन्याला फार तर ५,०००, द्यायला सुरुवात केली होती. रोग्याच्या विश्रांतीची मजुरी देता येते तर किडनी देणाऱ्या धडधाकट माणसाची का नाही, असा प्रश्न एखाद्या आमदाराला सुचला तर तुमची पंचाईत. पण तुम्ही निर्धास्त असा.

मेलेल्यांचा मान मात्र आम्ही राखतो हं. तमिळनाडूत आणि ओडिशात मरणोत्तर अवयव देणाऱ्याला सरकारी इतमामात निरोप मिळतो. योग्यच आहे. जिवंत दात्याची अडचण एवढीच की तो दुसऱ्या दिवशी जेवायला मागतो.

तुमचं घोडं खरं अडतं ते घरातल्या बाईपाशी. ती फुकट देते आणि तुमचं गिऱ्हाईक तोडते. २०२३ च्या १५,४३६ जिवंत दात्यांमध्ये ९,७८४ बायका होत्या. आणि घेणारे? १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांमध्ये २९ हजारांच्या वर पुरुषांसाठी झाली, बायकांसाठी ६,९४५. बायको देते, आई देते, बहीण देते. भावाने द्यायचं ठरवलं की घरात बैठक बसते. कमावता माणूस दोन महिने बसला तर खायचं काय, त्याला ओझं उचलता आलं नाही तर पुढे काय, असा विचार होतो आणि तो खोटाही नसतो. मग सगळ्यांची नजर चुलीकडे जाते. तिचं काय बुडतंय! खरं तर कापूस ती वेचते, धुणंपाणी ती करते, पण तिच्या खाड्याला घरात भाव नाही, म्हणून तिची किडनी स्वस्त पडते. २०१४ च्या नियमांत लिहून ठेवलंय की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची संमती रोग्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्यावी. पडताळतात. ‘राजीखुशीने देतेस ना?’ बाहेर सासू बसलेली असते. बाई हो म्हणते.

भावाचा खाडा भरून मिळाला असता, तर बैठकीतलं निदान एक कारण कमी झालं असतं. सगळे भाऊ धावत सुटले असते असं मी म्हणत नाही, आपल्या समाजाची मला तेवढी ओळख आहे. पण पळवाट बुजली असती. ज्या घरी अशी बाई नाही, किंवा असून जुळत नाही, तिथे तुमचा नंबर लागतो. तिथे तुमची खरी कला दिसते. आमच्याकडे एक सोयरीक जुळवायला तीन उन्हाळे जातात. तुम्ही रातोरात कागदावर बायको उभी करता, मेहुणा पैदा करता, लग्नाचा फोटोसुद्धा जोडता. समितीने मुलाखतीचं चित्रीकरण करावं असा नियम आहे. त्यात ती नवरा-बायको एकमेकांकडे न बघता बसलेली असतात, आणि आपल्याकडे जुनं लग्न असंच दिसतं म्हणून कोणाला संशय येत नाही.

तुमच्या ग्राहकसेवेचा एक अहवाल आहे, तुम्ही वाचला नसेल. अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली छापून आला. चेन्नईतल्या ३०५ किडनी विकणाऱ्यांना गाठून विचारलं होतं. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला विकली. विकून सरासरी सहा वर्षं झाल्यावर त्यांतले तीन चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. घरची कमाई तिसऱ्या हिश्श्याने घटलेली. ८६ टक्के म्हणाले, तब्येत खालावली. किडनी गेली, पैसे गेले, कर्ज तेवढं राहिलं. तुम्ही विकत घेता तेव्हा मागे काही ठेवत नाही, फक्त ज्यासाठी विकलं ते ठेवता. दुसऱ्याने असं करावं का, यावर ७९ टक्के नको म्हणाले. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर छापायला हरकत नाही.

आमच्या सीमेवरची एक जागा खास तुमच्या अभ्यासासाठी सुचवतो. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं केरामेरी, जे आता आसिफाबादेत गेलं, आणि चंद्रपूरमधलं जिवती यांच्या मधल्या डोंगरात काही गावं आहेत. दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात. लोकांकडे दोन मतदार कार्डं, दोन रेशन कार्डं, गावात दोन राज्यांच्या शाळा. देशात इतकं भाग्य कोणाच्या वाट्याला नाही. तिथल्या माणसाने भावाला किडनी द्यायची ठरवली तर त्याच्या खाड्याची सोय मात्र दोन्हींपैकी एकाही कार्डात नाही. दोन सरकारं मिळूनही त्याचे ४२ दिवस भरत नाहीत.

एक वाईट बातमीही कळवतो, मन घट्ट करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपले अमरावतीचे, यांच्या खंडपीठाने केंद्राला प्रत्यारोपणाचं राष्ट्रीय धोरण आखायला सांगितलं. बायकांची कुचंबणा लक्षात घ्या, आणि जिवंत दात्याची नंतर देखभाल होईल, त्याचं शोषण होणार नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं करा, असंही सांगितलं. घाबरलात? घाबरू नका. २०११ ची सुधारणा इकडे यायला चौदा वर्षं लागली, हे वर लिहिलंच आहे. तेवढ्यात तुमची मुलं शिकून धंद्याला लागतील.

तुमच्या पोटावर येईल असं एकच काम आहे आणि ते फार सोपं आहे, म्हणूनच होत नाही. तेलंगणा सरकारने आरोग्यश्रीच्या किडनी आणि यकृताच्या पॅकेजमध्ये एक ओळ वाढवायची : दात्याला ४२ दिवसांची मजुरी, थेट खात्यात. दुसरी ओळ : दात्याची वार्षिक तपासणी त्याच कार्डावर, आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात, हैदराबादला न बोलावता. नवा कायदा लागत नाही, जुनाच परवानगी देतो. आणि ३ ऑगस्टच्या फ्लेक्सवर हे दोन्ही हक्क मराठीत, तेलुगूत, उर्दूत नि गोंडीत लिहायचे, हृदयाचं चित्र थोडं लहान करून. मंत्री, जिल्हाधिकारी आणि आमचे आमदार यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पत्र पडलं, तर त्यांनी ते मलाच लिहिलंय असं समजून वाचावं. पत्ता त्यांचाही चुकतो, पण तो निदान ठाऊक तरी आहे.

तोवर धंदा तुमचाच. कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक आरोग्यश्री कार्डधारक,
आदिलाबाद

ता. क. : हे तुमच्यासाठी नाही, हे पत्र वाचणाऱ्या आमच्या माणसांसाठी. किडनीच्या बदल्यात पैसे घेतले तर आता तेलंगणातही पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. एजंटला आहे आणि किडनी विकणाऱ्यालाही तोच आहे. एजंट पळून जातो. विकणारा टाके घालून गावात सापडतो.